सही करण्याआधी



मतदानाच्या दिवशी आपण रांगेत उभ्या राहतो. वाड्यातल्या बाईचं मत एक आणि तिच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईचंही मत एकच. ही बरोबरी आपल्याला संविधानानं दिली. पण संविधान लागू होण्याच्या दोनच महिने आधी, 25 नोव्हेंबर 1949 रोजी, बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत इशारा दिला होता. मताला समान किंमत येईल, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहील, असं त्यांनी सांगितलं होतं.

ती विषमता बघायला लांब जायला नको. घरातला सातबारा काढा. पेरणी, खुरपणी, वेचणी आपल्या हातची. उताऱ्यावर नाव कुणाचं? 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या 100 खातेदारांमागे बाया होत्या साधारण 14.

कायदा नाही म्हणून असं आहे का? तसं नाही. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांसाठी 2005 साली वारसा कायदा बदलला. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानंच मुलाइतकी वाटेकरी झाली. लग्न झालेलं असलं तरी. महाराष्ट्रानं 1994 मध्येच हे पाऊल टाकलं होतं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून राहून गेल्या होत्या. 2005 च्या आधी वडील वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटणी झालेली असेल, तर ती मोडत नाही.

मग अडतं कुठं? वडिलांचं दिवसकार्य उरकतं. भाऊ म्हणतो, "ताई, तालुक्याला जाऊन येऊ, एक सही लागतीय." ताई विचारत नाही कशावर. विचारलं तर भाऊबीज तुटेल, माहेर तुटेल, ही धास्ती. तो कागद असतो हक्कसोडपत्राचा. एकदा नोंदणी झाली की तो परत फिरवणं फार अवघड.

भावाला द्यायचं असेल तर जरूर द्या. पण देणं म्हणजे आपलं काय आहे ते कळून देणं. न कळता गेलं, त्याला देणं म्हणत नाहीत. आणि हिस्सा मागितला म्हणून तुटणारी माया किती पक्की होती, हेही मनाशी विचारा.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. कागद वाचून घेतल्याशिवाय, नाहीतर विश्वासातल्या माणसाकडून वाचवून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नको. वारस नोंदीत आपलं आणि आईचं नाव आहे का, ते तलाठ्याकडे बघा; विधवा आईलाही हिस्सा आहे. अडलंच तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या माहेरचा आणि सासरचा सातबारा आणायचा. कर्जाचे हप्ते मोजून झाले की नावं मोजायची. मतदानाच्या रांगेतली बरोबरी घराच्या उंबऱ्याशी का थांबली, ते त्या कागदावर आपल्याला दिसेल.