ध्रुवाकडचा जवळा



पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की लालबाग-परळच्या चाळींतून सुक्या जवळ्याचा वास येतो. कांदा-कोकम घालून आपण आवडीनं खातो तो हा जवळा प्लवकांत मोडतो. प्लवक म्हणजे प्रवाहाला तोंड देण्याचं बळ नसलेले, पाणी नेईल तिकडं जाणारे जीव. आपला कोळी भरती-ओहोटीच्या ओढीत डोल जाळं लावतो, ते त्यामुळंच.

याच जातकुळीच्या उत्तरेकडच्या जिवांविषयी मी आज बोलणार आहे, कारण त्यांच्याशी आपला संबंध आहे. ध्रुवीय संशोधनाची आपली सुरुवात मात्र दक्षिणेकडं झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. तिचे नेते डॉ. कासिम हे सागरी जीवशास्त्रज्ञ होते. आज गोव्यात वास्कोला असलेली ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था उत्तरेकडं, आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं ‘हिमाद्रि’ हे केंद्रही चालवते. ते २००८ साली सुरू झालं. त्याच्यासमोरच्या कॉंग्सफियॉर्ड या खाडीमध्ये २०१४पासून आपली निरीक्षण-यंत्रणा पाण्याखाली उभी आहे.

जागा मोठी मोक्याची आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ भूखंडमंचावर आर्क्टिकचं थंड पाणी, मंचाच्या कडेनं वाहणारा अटलांटिकचा उबदार प्रवाह आणि पलीकडं अडीच हजार मीटरहून खोल फ्राम सामुद्रधुनी. प्रत्येक पाण्याचा कोपेपॉड, म्हणजे कवचधारी इवला प्लवक, वेगळा. मंचावर कॅलॅनस ग्लेशियालिस, अटलांटिकच्या पाण्याबरोबर येणारा फिनमार्किकस, खोल समुद्रातला हायपरबोरियस. सगळे काही मिलिमीटरांचे. वसंतात शेवाळ खाऊन ते अंगात तेल साठवतात. कधीकधी कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक. मग हिवाळाभर खाली निपचित पडून राहतात. हायपरबोरियस तर हजार मीटरच्याही खाली जातो. तिथं श्वसनात ते तेल जळतं आणि त्यातला कार्बन खोल पाण्यातच राहतो. तांदळाएवढा जीव हवामानाच्या हिशेबात येतो तो असा.

अटलांटिकचं पाणी फियॉर्डमध्ये जास्त शिरलं की फिनमार्किकस वाढतो. तो लहान, कमी तेलाचा. डोंगरउतारांवरच्या दगडांच्या फटींत घरटी करणारा छोटा ऑक पक्षी पिलांना ग्लेशियालिस भरवतो. तेवढ्याच तेलासाठी त्याला फिनमार्किकस कितीतरी अधिक पकडावे लागतात. पक्ष्याला ही निवड जमते, माणसाला मात्र चकवा बसतो. दोन्ही जाती दिसायला इतक्या सारख्या, की वर्षानुवर्षं त्या लांबीवरून ओळखल्या गेल्या. जनुकीय तपासणीनंतर कळलं, की त्यांच्या लांबीच्या मर्यादा एकमेकींत मिसळतात आणि जुन्या नोंदींत चुका आहेत.

म्हणूनच मला वाटतं, या शास्त्रात जहाजाइतकीच गरज आहे ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या, एकाच जागी दरवर्षी मोजणाऱ्या माणसांची. ध्रुवावर आणि आपल्या जवळ्यासाठीही. तुमच्या घरातली मुलगी प्राणिशास्त्र घेऊन प्लवक ओळखायला शिकते म्हणाली, तर ‘नोकरी कुठं मिळणार?’ म्हणून तिला मागं ओढू नका. तिला शिकू द्या.