चक्कर सोसू नका, गोळीही सोडू नका



स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणांचे शेक झाले. मग उरते रोजची एक छोटी गोळी: टॅमॉक्सिफेन, नाहीतर लेट्रोझोल. कुणाला पाच वर्षं, कुणाला दहा. मीही ती घेते. जळगावातल्या आमच्या मेहरूणमध्ये ही गोळी घेणाऱ्या बायका भेटल्या की ऐकू येतं, "गरगरतं हो ताई." आणि पाठोपाठ, हळूच, "म्हणून मी मधूनमधून गोळी चुकवते."

बायांनो, हे करू नका. हार्मोनवर वाढणाऱ्या गाठींमध्ये पाच वर्षं नेमाने टॅमॉक्सिफेन घेतलं, तर या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. हजारो रुग्णांच्या अभ्यासातून हे सिद्ध झालं आहे. इतकं मोठं संरक्षण चक्करीपायी घालवू नका. चक्करीचं कारण शोधा.

कारण शोधायचं तर चक्कर केव्हा येते ते बघायला हवं. पहाटे कुशीवर वळताच पंखा, छत, भिंत सगळं गरकन फिरतं, पोटात ढवळतं आणि मिनिटभरात थांबतं. माळ्यावरचा बिबड्यांचा डबा काढायला मान वर केली की पुन्हा तेच. ही बहुतेक वेळा कानाची चक्कर असते. कानाच्या आत तोल सांभाळणारे कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते सुटून शेजारच्या नळीत शिरले की मान वळताच मेंदूला चुकीची वर्दी जाते. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी इस्ट्रोजेन फार उतरतं आणि हाडं विरळ होतात. हाडं विरळ असली, ड जीवनसत्त्व कमी असलं, की ही चक्कर पुन्हा पुन्हा येण्याचा संभव वाढतो. म्हणून हाडांची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या.

कानाच्या चक्करीवर इलाज आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर मान वळवून, झटकन आडवं करून डोळ्यांची थरथर बघतात. मग ठरावीक क्रमाने मान वळवत ते कण जागेवर नेतात. अमेरिकेतले डॉ. जॉन एपली यांनी ही पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. काम काही मिनिटांचं असतं. चक्करीची गोळी मळमळ थांबवते, कण हलवत नाही. ती महिनोन्‌महिने घेत राहू नका.

दुसरी चक्कर उठून उभं राहताना येते. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. मे महिन्यात आपल्या जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. त्यात टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोलमुळे अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो. पाणी कमी पडतं, रक्तदाब उतरतो. बीपीची गोळी चालू असेल तर तो आणखी उतरू शकतो. हिमोग्लोबिन, साखर, बीपी तपासून घ्या. उठताना आधी काठावर बसा, पाय हलवा, मग उभ्या राहा. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, रात्री दिवा ठेवा, स्टुलावर चढू नका. हाडं विरळ असताना एक पडणं फार महागात जातं.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, तर लगेच १०८ ला फोन करा. टॅमॉक्सिफेन घेताना एका पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली, तरीही तसंच; रक्ताची गुठळी झालेली असू शकते. डोकेदुखी आणि उलट्या वाढतच चालल्या असतील तर कर्करोगाच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा.

आणि पुरुष मंडळींनो, घरातली बाई "काही नाही, जरा गरगरलं" म्हणाली की ते उडवून लावू नका. चक्कर केव्हा आली, किती वेळ टिकली, तेव्हा ती काय करत होती, हे वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या. गोळी बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. एक सोसली नाही तर दुसरी देता येते. तोवर आजची गोळी वेळेवर घ्या.