विठ्ठलात ‘टी’ किती?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, “तू आखातात एकवीस वर्षं काढलीस, तिकडच्या गमतीजमती सांग.” गमती सांगायला वेगळी बैठक लागते, ती रात्री करू. पण गेल्या तीनचार वर्षांत आपल्या बॅचमधल्या निदान आठ-दहा जणांनी मला एकाच कामासाठी फोन केलेत. मुलगा जर्मनीला चाललाय, सून लंडनला चालली आहे, जावयाला दुबईत नोकरी लागली आहे, बँकेचं काय करायचं? कागद कुठले न्यायचे? म्हणून म्हटलं, जे फोनवर आठ-दहा वेळा सांगितलं ते इथे एकदाच सांगतो. आपल्या शाळेचा त्यात मोठा हात आहे, तोही सांगायचा राहून गेला होता.

आपण ८७ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली. मी पोलादपूरकडच्या गावातून सकाळच्या एसटीने महाडला यायचो, हे तुम्हाला आठवत असेल, कारण पहिला तास मला क्वचितच मिळाला. आयटीआय केलं, इथल्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत चार वर्षं काढली आणि ९४ मध्ये दुबईला गेलो. जाताना माझ्याजवळ पासपोर्ट, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि आईने बांधून दिलेले तांदळाचे लाडू, एवढंच होतं. बाजारपेठेतल्या बँकेत माझं आणि आईचं जोडखातं होतं. ते तसंच ठेवून गेलो.

तिकडे पहिले तीन महिने पगार पाकिटात रोख मिळाला. मग कंपनीने खातं उघडायला सांगितलं. पासपोर्ट, त्यातलं व्हिसाचं पान आणि कंपनीचं पगाराचं पत्र, एवढ्यावर काम झालं. हे सोपं होतं. पेच आला तो पैसे घरी पाठवताना. मी पहिला ड्राफ्ट काढला तो पासपोर्टवरच्या नावाने, आणि इथल्या पासबुकावर नाव होतं वेगळ्या स्पेलिंगचं. आता आपल्या दोन्ही तालुक्यांत विठ्ठल नावाचे किती बाप असतील, मोजून बघा. माझेही त्यातलेच एक. पासपोर्टात विठ्ठलाला एक ‘टी’ होता, पासबुकात दोन. ड्राफ्ट परत आला. तो रजिस्टर पोस्टाने दुबईला पोहोचेपर्यंत, मी तो बदलून पुन्हा पाठवेपर्यंत दोन महिने गेले. इकडे जून लागला होता आणि त्या पैशांतून घरावर कौलं चढायची होती. आईने तो पावसाळा अर्ध्या घरावर प्लास्टिक टाकून काढला. मला कळवलंही नाही. दिवाळीत गेलेल्या मावसभावाकडून कळलं.

बँकेची चूक नव्हती. फॉर्म मीच भरला होता, घाईत, स्टँडवर उभं राहून.

दुसरी चूक अशी की ते साधं बचत खातं मी नऊ वर्षं तसंच वापरलं. तुमच्यापैकी ज्यांची मुलं नोकरीसाठी जाताहेत त्यांनी हे नीट ऐका. नोकरीसाठी किंवा धंद्यासाठी माणूस देशाबाहेर राहायला गेला की त्याचं इथलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते ‘एनआरओ’ करून घ्यावं लागतं. हा फेमा कायद्याखालचा नियम आहे. तो कायदा १९९९ चा. माझ्यावर काही कारवाई झाली नाही, पण ते नियमाला धरून नव्हतं हे खरं. ऑफिसात एका केरळी सहकाऱ्याने हे मला समजावलं. ती मंडळी या बाबतीत आपल्यापेक्षा फार पुढे आहेत, गावोगावी माहीतगार माणूस असतो त्यांच्याकडे.

आता ‘एनआरओ’ आणि ‘एनआरई’ यांत नेहमी गोंधळ होतो. मी असा लक्षात ठेवतो: जो पैसा इथेच उगवतो तो एनआरओमध्ये. घराचं भाडं, जमीन विकल्याचे पैसे, शेअरचा लाभांश. त्याच्या व्याजावर इथे कर कापला जातो, आणि तो बाहेर न्यायचा तर आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, शिवाय सीएचे कागद लागतात. (दहा लाख डॉलर आपल्यापैकी कोणाला अडतील असं वाटत नाही.) जो पैसा तिकडे कमावला आणि इकडे पाठवला तो एनआरईमध्ये. त्याच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही, आणि मुद्दल-व्याज दोन्ही केव्हाही परत नेता येतं. दोन्ही खाती रुपयांतच असतात. आईवडिलांना इथून पैसे काढता यावेत म्हणून त्यांना अधिकारपत्र देऊन ठेवा, ते निघण्याआधी बँकेत सह्या करून झालेलं बरं. तिकडून करायला गेलात तर वकिलातीच्या रांगेत एक दिवस जातो.

आणि मोबाइल! हे बँकवाले सांगत नाहीत, पण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. इथल्या खात्याचा ओटीपी इथल्या नंबरवर येतो. मुलगा जातो, सिमकार्ड ड्रॉवरमध्ये पडतं, रिचार्ज संपतं, काही महिन्यांनी कंपनी तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकते. मग खातं आहे, पैसे आहेत आणि हात लावता येत नाही. नंबर चालू ठेवा आणि रोमिंग सुरू करूनच विमानात बसवा.

आता मुलीची गोष्ट. ती सांगायला मी खरा उभा राहिलोय.

२०१५ मध्ये मी परत आलो, महाडात तळमजल्यावर घर घेतलं. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते या सभागृहात कोणाला सांगायला नको. त्याच दिवशी तळियेची दरड कोसळली, आपल्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला माणसं गेली. त्यापुढे माझ्या घरातलं पाणी म्हणजे काहीच नाही, म्हणून त्याबद्दल मी फारसं बोलत नाही. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे होतो, जिवाला धक्का लागला नाही. पण कपाटाच्या खालच्या कप्प्यात पत्र्याची पेटी होती आणि माझे सगळे कागद तिच्यात होते. तिसऱ्या दिवशी उघडली तेव्हा आत चिखलाची एक वीट होती. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं मार्कशीट, सातबाऱ्याचे जुने उतारे, आईचा एक फोटो. पासपोर्ट आणि पॅनकार्ड तेवढी मुलीकडे पुण्यात होती म्हणून वाचली.

पुढच्या वर्षी मुलीला जर्मनीत एमएससीला प्रवेश मिळाला. तिथल्या व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावाने एक खातं आधीच उघडून त्यात वर्षाच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवावे लागतात. ते अर्ज करून इथूनच उघडतात, आणि तिथे पोहोचल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कम सुटते. तेव्हा ती महिन्याला ८६१ युरो होती, वर्षाचे १०,३३२. तेव्हाच्या भावाने आठ-साडेआठ लाख रुपये. (२०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो लागतात, ज्यांची मुलं आता जाणार त्यांनी हा आकडा धरावा आणि अर्ज करताना पुन्हा तपासावा.) खातं उघडायला तिचा पासपोर्ट आणि प्रवेशाचं पत्र पुरलं. अडलं ते पैसे पाठवताना. पाठवणारा मी, बाप. बँकेला प्रवेशपत्र हवं, पॅन हवं, ए-टू नावाचा फॉर्म हवा, आणि मी तिचा बापच आहे याचा पुरावा हवा. तिच्या पासपोर्टवर वडिलांच्या रकान्यात माझं पूर्ण नाव. तिथे विठ्ठलाला एक ‘टी’. माझ्या पॅनवर दोन ‘टी’. अठ्ठावीस वर्षांनी तोच ‘टी’ पुन्हा दारात.

बँकेतली बाई सभ्य होती. म्हणाली, “काका, मला पटतंय, पण फाइलला पटेल असा एक कागद द्या.” राजपत्रात नाव छापून आणायचं तर आठवडे लागणार. व्हिसाची तारीख सतरा दिवसांवर. शेवटी तिनेच सुचवलं, दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करा आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडा.

तो तर पेटीत गेलेला.

मी शाळेत आलो. पस्तीस वर्षांनी कार्यालयाची पायरी चढलो, आणि खरं सांगतो, दाखला मागताना पोटात तसाच गोळा आला. पुराच्या पंचनाम्याची प्रत, पोलीस ठाण्याचा कागद हरवल्याचा दाखला, अर्ज, सगळं घेऊन गेलो होतो. पण मनात एकच भीती होती. पाणी बाजारपेठेत सगळ्यांच्याच घरात शिरलं होतं. शाळेचं जनरल रजिस्टर राहिलं असेल का?

राहिलं होतं. आदल्या संध्याकाळी नदीचं पाणी वाढताना बघून आपल्या शिपाईमामांनी सगळी जुनी रजिस्टरं एकट्याने वरच्या मजल्यावर नेली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मामा, उठू नका, बसा. ते मागच्या रांगेत बसलेत, टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा.

क्लार्कसाहेबांनी आपल्या वर्षाचं रजिस्टर काढलं. निळ्या शाईत, आपल्या सरांच्या त्या उभट अक्षरात माझं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, आणि जन्मतारीख १ जून १९७१. तुमच्यापैकी निम्म्यांची १ जूनच आहे, हसू नका! आई सांगायची की मी आषाढात, लावणीच्या दिवसांत झालो. मला पहिलीत घालताना तारीख कोणाला ठाऊक नव्हती, गुरुजींनी शाळेला जुळेल अशी लिहिली. एकदा कोणीतरी मला ती दुरुस्त करून घ्यायला सांगितलं होतं. मी हात लावला नाही. दाखला, पासपोर्ट, पॅन, आधार सगळीकडे १ जून आहे, आणि बँक काय बघते, तर सगळीकडे एकच आहे का. आषाढातला वाढदिवस आई होती तोवर घरात होत होता, तेवढा पुरे.

दुय्यम दाखला चौथ्या दिवशी मिळाला. मराठीत. बँकेतल्या त्या बाईने तो वाचला आणि हसली. मराठीत विठ्ठल एकाच पद्धतीने लिहितात. एक ‘टी’ काय, दोन ‘टी’ काय, दोन्ही वाचले की तेच नाव होतं. प्रतिज्ञापत्राच्या खाली तिने तो टाचला आणि पैसे गेले.

पण हे इथे चाललं, कारण समोरच्या माणसाला मराठी येत होतं. तिकडच्या बँकेला आपलं रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा दाखला काही उपयोगाचा नाही. त्यासाठी इथल्या बँकेचं सहा महिन्यांचं इंग्रजी स्टेटमेंट शिक्क्यासह न्यावं, त्यावर पत्ता पासपोर्टप्रमाणेच असावा. लग्नाचा किंवा जन्माचा दाखला न्यायचा असेल तर प्रमाणित भाषांतर, आणि त्या देशाला काय चालतं ते आधी विचारून त्यावर साक्षांकन. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, पण सगळे देश ते मानत नाहीत. माझ्या अमिरातीला दूतावासाचाच शिक्का लागायचा. लग्न झालेल्या मुलींचं तर आणखी. पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या, पॅन अजून माहेरचं. मैत्रिणींनो, सुनांना सांगा, निघायच्या सहा महिने आधी सगळं एका नावावर आणा, मग ते कुठलंही असो.

मुलगी पोहोचली. तिथे घर घेतल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला घरमालकाचं पत्र लागतं. ती नोंद झाली, रोजच्या वापराचं खातं उघडलं, आणि बँकेचं कार्ड काही येईना. तीन आठवडे रोज रात्री व्हिडिओवर रडकुंडीला आलेला चेहरा. मग खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने तिला जिन्याखाली नेऊन दाखवलं. तिथे पोस्टमन पत्राच्या पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. हिच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं.

तिने कागदाची पट्टी कापली आणि पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव लिहून चिकटवलं. तिचं, मग माझं, मग आडनाव. फोटो पाठवला मला. कार्ड आठवड्यात आलं, पिनचं पाकीट त्यानंतर दोन दिवसांनी वेगळं.

मी गेल्या वर्षी माझं पॅन दुरुस्त करून घेतलं. आता एकच ‘टी’.

जेवणानंतर मी व्हरांड्यात बसणार आहे. ज्यांना कागद दाखवायचे असतील त्यांनी पासपोर्ट आणि पॅन दोन्ही शेजारी शेजारी धरून या. आणि चष्मा आणा, माझा घरी राहिलाय.