पहिली झूम लेन्स घेताना: ३०० च्या आकड्याला भुलू नका

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली थोडी वाक्यं वाचायला सोपी केली आहेत.)

आज मागे टिटवी ओरडताना ऐकू आली तर हेडफोन तपासू नका. मी राळेगणसिद्धीत, आमच्या घराच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड करतोय. टिटवी खरी आहे.

गेल्या भागानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. ‘दादा, कॅमेरा घेतला. सोबत १८-५५ लेन्स मिळाली. लांबचं काही येत नाही. स्वस्तात झूम लेन्स कोणती घेऊ?’

उत्तर दोन मिनिटांत देता येईल. पण ही चूक मी स्वतः करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी माझं हे वेड कुठून आलं ते. डिसेंबर २०१३. अण्णांचं जनलोकपालसाठी गावात उपोषण सुरू होतं, यादवबाबा मंदिराजवळ. मी सातवीत. गावात चॅनलच्या गाड्या, वायरी, आणि फोटोग्राफर! त्यांच्या हातात त्या जाडजूड लेन्स. आम्ही पोरं अण्णांना रोज बघायचो, त्यामुळे आमचं सगळं लक्ष त्या लेन्सवर. १८ डिसेंबरला लोकसभेत लोकपाल विधेयक मंजूर झालं, अण्णांनी उपोषण सोडलं, गाड्या गेल्या. माझ्या डोक्यात मात्र लेन्स राहिली.

पुढे कॉलेजात असताना जुना कॅनन १५००डी घेतला. झूमसाठी पैसे नव्हते. आईने दुधाच्या पगारातून साडेचार हजार बाजूला काढून दिले. म्हणाली, ‘घे, पण नीट बघून घे.’ मी काय बघितलं? आकडा. २५० पेक्षा ३०० मोठा, आणि वर स्वस्तही. ऑनलाइन एका माणसाकडून जुनी ७५-३०० घेतली. खूश!

आता २०२२ ची आषाढी वारी. आमची आजी दिंडीत निघाली होती. पहाटेची वेळ, आभाळ भरलेलं. वेशीजवळ आजी डोक्यावर तुळस घेऊन मिनिटभर थांबली आणि मग चालू लागली. मी लांबून, ३०० वर झूम करून, दोन्ही वेळचे फोटो काढले. जवळ गेलो की आजी पदर सावरून ताठ उभी राहायची, म्हणून लांबूनच.

घरी येऊन लॅपटॉपवर पाहिले. सगळे हललेले. एकात डोळे दिसत नाहीत, एकात तुळशीच्या दोन कडा. म्हटलं, पुढच्या वर्षी काढू. त्याच दिवाळीत आजी गेली.

त्या फोटोंची माहिती मी नंतर कितीदा उघडून बघितली असेल. ३०० मिलिमीटर, एफ/५.६, आयएसओ ४००, शटर एक पन्नासांश सेकंद. झूम लेन्सबद्दल जे कळायला हवं, ते सगळं या एका ओळीत आहे. बघा.

पहिला फोटो, आजी उभी असतानाचा. यात आजी हलली नव्हती, माझा हात हलला होता. लेन्स जितकी लांब, तितका हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. दुर्बीण हातात धरली की चित्र कसं नाचतं, तसंच. जुना साधा नियम असा: शटर स्पीड निदान लेन्सच्या आकड्याइतका हवा. आपल्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे कॅननवर त्या आकड्याला १.६ ने आणि निकॉनवर १.५ ने गुणायचं. ३०० गुणिले १.६, झाले ४८०. म्हणजे साधारण एक पाचशांश सेकंद हवा होता. माझा होता एक पन्नासांश. दहापट हळू!

इथे कामाला येतं इमेज स्टॅबिलायझेशन. लेन्सच्या आतला एक भाग तुमच्या हाताच्या उलट दिशेने हलतो आणि कंप खाऊन टाकतो. कॅननच्या लेन्सवर त्यासाठी ‘आयएस’ लिहिलेलं असतं, निकॉनवर ‘व्हीआर’, टॅमरॉनवर ‘व्हीसी’, सिग्मावर ‘ओएस’. माझ्या ७५-३०० वर यातलं काहीच नव्हतं. ते डिझाइनच मुळात १९९९ चं, फिल्मच्या काळातलं. त्याच कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम, २०१३ मध्ये आलेली, आकड्याने लहान, पण तिच्यात हे आहे. ती असती तर उभी आजी नक्की मिळाली असती.

दुसरा फोटो, आजी चालतानाचा. इथे नीट ऐका, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. समोरचा माणूस हलतोय तेव्हा स्टॅबिलायझेशनचा उपयोग नाही. ते तुमचा हात थांबवतं, आजीचे पाय नाही! चालत्या माणसाला एक दोनशांश ते एक अडीचशांश हवाच. त्यासाठी हवा प्रकाश.

त्या प्रेसवाल्यांच्या जाड लेन्स एफ/२.८ च्या असतात. एफ/५.६ पेक्षा चौपट प्रकाश आत घेतात. माझ्या जागी ती असती तर पन्नासांशाचा थेट दोनशांश झाला असता. पण ती नवी लाखाच्या वर जाते, आणि वजन दीड किलोच्या आसपास. आपल्यासाठी नाही.

मग दुसरा मार्ग? आयएसओ. ४०० चा १६०० केला असता, तरी तोच दोनशांश मिळाला असता. फुकटात! थोडे दाणे आले असते, इतकंच. पण ‘आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो’ असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून घाबरून ४०० वर ठेवला. दाणेदार फोटो बघता येतो, हललेला नाही. तेव्हा पहिल्या फोटोत लेन्स कमी पडली, दुसऱ्यात मी. सगळा दोष लेन्सवर टाकणं बरोबर नाही.

बरं, आता खरेदी. किमती सांगत नाही, आज सांगितल्या की उद्या बदलतात. काय बघायचं ते सांगतो.

एक. बजेट कमी असेल तर लांब आकडा सोडा, स्टॅबिलायझेशन सोडू नका. कॅनन डीएसएलआर असेल तर ५५-२५० आयएस, त्यातही एसटीएम मिळाली तर उत्तम. वजन जेमतेम पावणेचारशे ग्रॅम, फोकस शांत, व्हिडिओलाही चालते. माझी आत्ताची हीच आहे, जुनी घेतली, नऊ हजारांत.

दोन. निकॉनवाले, तुमच्याकडे दोन सापळे आहेत. एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारांत आली, एकीवर ‘व्हीआर’ आहे, एकीवर नाही. दिसायला जवळपास सारख्या. तेव्हा अक्षरं वाचा. दुसरं म्हणजे डी३५०० सारख्या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. नुसतं ‘एएफ’ लिहिलेली जुनी लेन्स त्यावर बसेल, पण फोकस हाताने करावा लागेल. ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ बघा, आणि एएफ-पी काही जुन्या बॉडींवर चालतच नाही, म्हणून आपल्या कॅमेऱ्यावर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तीन. मिररलेस घेतलाय म्हणून सुटलो असं नाही. कॅननने २०२५ मध्ये नव्या आरएफ माउंटसाठीही ७५-३०० आणली, तीही स्टॅबिलायझेशनशिवाय. सुरुवातीच्या बऱ्याच बॉडींमध्येही ते नसतं. त्यापेक्षा ५५-२१० आयएस बघा.

चार. जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, लेन्स सोडून द्या. थोडी धूळ चालते. मग पूर्ण झूमवर लांबची एखादी पाटी धरा, शटर एक साठांश ठेवा, आणि स्टॅबिलायझेशन चालू-बंद करून पाच-पाच फोटो काढा. मोठे करून अक्षरं बघा. फरक दिसला नाही तर आयएस बिघडलंय समजा.

आणि एक, ‘किती एक्स झूम’ हे विचारू नका. ती फोनची भाषा झाली. १८-५५ तीन एक्स, ५५-२५० साडेचार एक्स, पण ‘एक्स’ फक्त त्या लेन्सच्या दोन टोकांमधला फरक सांगतो, लांबचं किती जवळ येणार ते नाही. त्यासाठी शेवटचा आकडा बघायचा.

२५० मध्ये काय मिळतं? आमच्या पाझर तलावावरचा बगळा, छान. तारेवरचा वेडा राघू, जरा धीर धरून जवळ गेलात तर. रेहेकुरीला काळवीट, सकाळच्या उन्हात, मस्त. झाडाच्या शेंड्यावरचा छोटा पक्षी? नाही मिळणार. तिथे ३०० ही अपुरीच पडते, त्यामुळे पन्नासासाठी जीव टाकू नका. माणसं, जत्रा, शाळेचा १५ ऑगस्ट, दिंडी, यासाठी मात्र २५० भरपूर.

आजीचा तो उभा असलेला फोटो आईने फ्रेम करून घेतलाय. मी नको म्हणत होतो, हललाय म्हणून. तिने तळहाताएवढा छोटा करून घेतला. ‘लांबून नीट दिसतो,’ म्हणते. दिसतो खरा.

तर या आठवड्याचं काम. लेन्स शोधायच्या आधी आहे त्या १८-५५ वर, ५५ ला, संध्याकाळी घरातल्या कोणाचे तरी चालताना फोटो काढा. आयएसओ ४०० वर आणि १६०० वर. घरातलंच माणूस घ्या हं, फोटो वाया जाणार नाहीत. काय फरक दिसला ते मला नक्की कळवा.

पुढच्या भागात लेन्स पावसापासून आणि बुरशीपासून कशी सांभाळायची ते बोलू. तोपर्यंत, राम कृष्ण हरी!