भाकर गाव विचारीत नाही



1974 साली पुण्यात हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवर ओझी वाहणाऱ्या श्रमिकांना परवडेल अशा दरात ताजे अन्न मिळावे, हा तिचा साधा हेतू होता. भाकर मागणाऱ्याला त्याचे गाव विचारावे, असे तेथे कोणाला वाटले नाही. शासनाची शिधावाटप व्यवस्था मात्र आजही पहिला प्रश्न तोच विचारते.

2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला. 2023 पासून हे धान्य मोफत आहे. 2019 मध्ये आरंभलेल्या ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेनुसार नांदेडच्या किंवा बिहारच्या कार्डधारकाला पुण्यातील कोणत्याही स्वस्त धान्य दुकानातून आपला वाटा उचलता येतो. गावी राहिलेल्या वृद्ध आईबापांचा वाटा त्यांना तेथेच घेता येतो. कागदावर प्रश्न सुटलेला आहे.

प्रत्यक्षात तो सुटत का नाही? वाघोली-हिंजवडीच्या बांधकामांवर राबणारे जोडपे पहाटे कामाला लागते आणि दुकान बंद होण्याच्या वेळी परतते. सिमेंटने झिजलेल्या बोटांचा ठसा ई-पॉस यंत्र ओळखत नाही. दुकानदाराने ‘तुमचा कोटा आमच्याकडे नाही’ असे सांगितले, की परक्या शहरात वाद घालण्याचे बळ उरत नाही. पुन्हा खेटा घालायचा तर एका दिवसाची मजुरी बुडते. मोफत धान्याची ही किंमत कोणत्याही हिशेबात धरली जात नाही.

ज्यांच्याजवळ कार्डच नाही, त्यांची स्थिती अधिक बिकट आहे. महाराष्ट्राच्या शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये ठरविण्यात आली. दिवसाला 300 रुपये मिळवून वर्षात 200 दिवस काम करणाऱ्या एकट्या मजुराचे उत्पन्न 60,000 होते. म्हणजे त्याला नियमित काम मिळाले, एवढ्याच अपराधासाठी त्याचे कुटुंब अपात्र ठरते! शिवाय लाभार्थ्यांची कमाल संख्या 2011 च्या जनगणनेवर बांधलेली आहे. त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली. शहर वाढले, पण धान्याच्या मापाला जुनाच आकडा राहिला.

2020 च्या टाळेबंदीत पायी निघालेल्या श्रमिकांनी या व्यवस्थेचे अपयश साऱ्या देशाला दाखविले. केंद्राने तेव्हा कार्ड नसलेल्या 8 कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांचे धान्य जाहीर केले. 29 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लाभार्थ्यांची संख्या नव्याने निश्चित करण्याची कार्यवाही करावी, असा आदेश दिला. संकट आले की दान आणि संकट सरले की विस्मरण, ही रीत मोडली पाहिजे. अन्नाचा हक्क पत्त्याला नव्हे, माणसाला चिकटलेला असला पाहिजे. शहराला ज्याचे श्रम चालतात, त्याची भूकही शहराने आपली मानली पाहिजे.

‘परप्रांतीय आपले धान्य खातात’ असा प्रचार होईल. त्याला उत्तर मजूर अड्ड्यावरच आहे. तेथे मराठवाड्याचा आणि छत्तीसगडचा मजूर एकाच ठेकेदाराची वाट पाहत उभा असतो. त्यांच्यात फूट पडली, तर मजुरी दोघांचीही घटते.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. उत्पन्नाची मर्यादा वास्तव मजुरीशी जोडावी. भाडेकरार नसलेल्यांचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरावे. बाहेरगावच्या कार्डांवरील उचल लक्षात घेऊन दुकानांचा साठा वाढवावा. ठसा न जुळल्यास धान्य नाकारू नये. बांधकामावरील मुलांना अंगणवाडीचा आहार तेथेच पोहोचवावा.

हे केवळ निवेदनांनी होणार नाही. कार्यकर्त्यांनी सकाळी अड्ड्यावर जावे, मजुराचे कार्ड पाहावे, त्याच्यासोबत दुकानात उभे राहावे आणि धान्य नाकारले गेल्यास परिमंडळ कार्यालयात लेखी तक्रार दाखल करावी. दहा घरांत हक्काचे धान्य पोहोचले, की अकरावे घर आपण होऊन संघटनेत येईल.