यादीत नसलेली नावं



पेपर हातात आला की शहरातला माणूस पहिलं पान वाचतो. गावातला माणूस आधी तालुक्याचं पान उघडतो. शिरोळ, हातकणंगले, कागल, गडहिंग्लज... त्यात आपलं गाव कुठं आहे ते बघतो. तिथं असतं तरी काय? सोसायटीची निवडणूक बिनविरोध. तरुण मंडळाचं रक्तदान शिबिर. शाळेचं स्नेहसंमेलन. जोतिबाला निघालेल्या सासनकाठीची मिरवणूक. आणि संक्रांत झाली की पुढं रथसप्तमीपर्यंत एक बातमी रोज ठरलेली : ‘अमुक येथे हळदी-कुंकू समारंभ उत्साहात संपन्न.’

या बातम्यांना लोक हसतात. मी हसत नाही. रेशनकार्ड आणि मतदार यादी सोडली तर जिचं नाव आयुष्यात कुठं छापून आलेलं नाही, अशा बाईचं नाव त्या चार ओळींत येतं. ते कात्रण ती कापून ठेवते. लेकीच्या सासरी दाखवायला नेते. गावाला स्वतःकडे बघायला एक लहानसा आरसा लागतो, तो म्हणजे तालुक्याचं पान. पण आरशासमोर जो उभा राहील तोच आरशात दिसतो. ज्याला समोर येऊच दिलं नाही त्याचं काय? आज मला त्याविषयीच बोलायचं आहे.

मी बरीच वर्षं एका लहान गावातून अशा बातम्या पाठवत होतो. शेती बघायची आणि सवडीनं वार्ताहरकी करायची. फॅक्स यायच्या आधीची गोष्ट. बातमीचं पाकीट दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं द्यायचं, कोल्हापूरच्या स्टँडवर कचेरीतला माणूस ते उचलायचा. पुढं फॅक्स आला, मग ई-मेल आला. बातमी लिहायची पद्धत मात्र तीच राहिली. कार्यक्रम कसा झाला याला दोन ओळी, कोण कोण हजर होतं याला सात ओळी. एखादं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर जाब द्यावा लागायचा. म्हणून यादीच्या शेवटी ‘आदी’ हा शब्द टाकायचा. ‘आदी महिला उपस्थित होत्या.’ उरलेलं सगळं गाव या दोन अक्षरांत मावायचं.

एकदा जानेवारीत आमच्याच वाड्यात हळदी-कुंकू होतं. सोप्यात बायकांची गर्दी. मी वही घेऊन उंबऱ्याशी बसलो आणि नावं लिहायला लागलो. सौ. अमुक, सौ. तमुक, सौ. ढमुक. पाणी मागायला म्हणून आत गेलो तर माजघरात माझी काकी वाणाची पाकिटं बांधत बसलेली. सकाळपासून तिळाच्या वड्या तिनंच थापलेल्या. मला बघून म्हणाली, “नावं लिवतोस व्हय? लिव, लिव. वाण बांधायला मी चालतो, घ्यायला चालत न्हाई.”

ती हसत म्हणाली. तक्रार म्हणून नाही. हवेत गारठा आहे असं कुणी म्हणावं, तसं म्हणाली. मी पाणी प्यालो, बाहेर आलो, यादी पुरी केली आणि ‘उत्साहात संपन्न’ लिहून पाकीट एस.टी.ला दिलं.

काका गेले तेव्हा काकी चौतिशीत होती. त्यांना न्यायच्या आधी अंगणात जे झालं ते मी पोरवयात दारातून पाहिलं होतं. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्र तोडलं, पायातली जोडवी काढली. हे करणाऱ्या बायका काही दुष्ट नव्हत्या. त्यांतल्या दोघी तर स्वतः त्यातून गेलेल्या होत्या. करतात म्हणून करायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्या दिवसानंतर काकी शेतात दिसायची, चुलीपुढं दिसायची, बारशाच्या स्वयंपाकात दिसायची. पाळण्याजवळ मात्र कधी दिसली नाही. मी शेकडो याद्या लिहिल्या आणि तिचं नाव एकाही यादीत लिहिलं नाही. माझ्या ‘आदी’मध्येसुद्धा ती नव्हती. हा दोष गावाचा होता तसा माझाही होता. लेखणी माझ्या हातात होती.

श्रोतेहो, आता आपण शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडला जाऊ. कुरुंदवाडजवळचं, कर्नाटकाच्या सीमेलगतचं हे गाव. आसपास सगळा उसाचा पट्टा. ४ मे २०२२ या दिवशी हेरवाडच्या ग्रामसभेनं एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा आमच्या गावात बंद करण्यात येत आहेत, असा त्याचा आशय होता. सुरगोंडा पाटील तेव्हा सरपंच होते. ठरावामागची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांची. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी स्वतःपुरतं प्रतिज्ञापत्रच करून ठेवलं होतं. नुकतीच कोरोनाची साथ होऊन गेली होती. गावोगाव तिशी-चाळिशीतली माणसं गेली होती आणि घराघरांत तरण्याताठ्या बायका मागं राहिल्या होत्या. एरवी आजीच्या वयाच्या बाईबरोबर झालं की डोळ्याआड जाणारी गोष्ट आता पंचविशीतल्या सुनेबरोबर होताना डोळ्यांसमोर दिसत होती.

ग्रामसभा म्हणजे काय, हे गावातल्या माणसाला सांगायला नको. आधी नोटीस निघते, दवंडी पिटली जाते. सभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. पुष्कळदा तेवढीही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. गटारी, पाणीपट्टी, रस्त्यावरची अतिक्रमणं, घरकुलांची यादी यांवर बोलणं होतं. थोडी वादावादी होते. ग्रामपंचायत अधिकारी ठराव लिहितो, त्याला आपण प्रोसिडिंग म्हणतो. त्या प्रोसिडिंगच्या वहीत आजवर बांगडी, कुंकू, जोडवी असे शब्द आलेच नव्हते. ती बायकांची, घरातली गोष्ट मानली गेली होती. हेरवाडनं ती उचलून गटारी आणि पाणीपट्टीच्या ओळीत आणून ठेवली. गावाचा प्रश्न म्हणून तिच्यावर गावात चर्चा झाली. मला यातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

वेळही साधली होती. राजर्षी शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. म्हणजे हा ठराव झाला तो त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या दोनच दिवस आधी. ६ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्हा शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभा राहिला, ते अनेकांना आठवत असेल. महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदाही त्याच वर्षीचा. ब्रिटिश मुलखात विधवाविवाहाचा कायदा त्याच्याही आधी, १८५६ सालीच झाला होता.

मग प्रश्न असा पडतो, की एवढे कायदे होऊनही २०२२ साली ग्रामसभेला ठराव का करावा लागला? कारण साधं आहे. विधवेनं पुन्हा लग्न करायचं ठरवलं तर कायदा तिच्या बाजूनं उभा राहतो. पण तिला हळदी-कुंकवाला बोलावलंच नाही तर ती कोणत्या कोर्टात जाणार? ओटी भरायला तिला पुढं केलं नाही, मुलाच्या लग्नात तिला मागच्या रांगेत बसवलं, तर त्याची फिर्याद कुठं होते? ही शिक्षा शेजारपाजार देतो, भाऊबंद देतात. म्हणून ती मागे घ्यायचीही त्यांनीच. सरकारला ते जमत नाही. गावाला जमतं.

सरकारनंही एक चांगलं केलं. हेरवाडचा ठराव झाल्यावर पंधरवड्याच्या आत, १७ मे २०२२ रोजी, ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढलं आणि राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ आपल्याच जिल्ह्यातल्या कागलचे. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनंही असाच ठराव केला. हे तेच माणगाव, जिथं मार्च १९२० मध्ये बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज उपस्थित होते. पुढं महाराष्ट्रातल्या अनेक गावांत असे ठराव झाले. तालुक्याच्या पानावरची बातमी पहिल्या पानावर गेली.

आता कुणी म्हणेल, ठरावानं काय होतंय? ठराव म्हणजे कायदा नव्हे. मोडला तर दंड नाही, तुरुंग नाही. खरं आहे. गावाचा ठराव वहीत राहतो आणि अंगणात जे व्हायचं ते होतंच, असंही पुष्कळ ठिकाणी घडत असेल. पण ठरावाचा एक उपयोग आहे, तो मला अंगणातला तो दिवस आठवल्यावर कळतो. त्या दिवशी आमच्या घरातही एकदोघांना ते नको होतं. माझ्या आजोबांनी मान फिरवली होती. पण ‘नको’ म्हणायला आधार नव्हता. लोक काय म्हणतील, या एका वाक्यापुढं सगळे गप्प. ठराव झालेल्या गावात अशा माणसाला म्हणता येतं, “थांबा, गावाचा ठराव आहे.” ज्याला नको म्हणायचं आहे पण धीर होत नाही, त्याच्या हातात ठराव ही काठी आहे. ती उचलायची त्यालाच, पण निदान ती हाताशी आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. कुणा बाईला स्वतःहून कुंकू लावायचं नसेल, दागिना घालायचा नसेल, तर ती तिची मर्जी. एक सक्ती काढून दुसरी घालायची नाही. मुद्दा एवढाच आहे, की तिच्या कपाळाचा आणि मनगटाचा निर्णय तिनं करावा, जमलेल्या गर्दीनं नव्हे.

हा प्रश्न शब्दांचाही आहे. पूर्वी लग्नपत्रिकेत विधवेच्या नावामागं ‘गं. भा.’ छापत असत. गंगा भागीरथी. ऐकायला पवित्र, पण वाचणाऱ्याला एका अक्षरात कळायचं, की हिला कुठं बसवायचं. एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी हाच शब्द वापरावा असा प्रस्ताव राज्यात पुढं आला तेव्हा त्यावर जोरदार टीका झाली, आणि ती योग्यच होती. नाव कितीही गोड दिलं तरी पाट माजघरातच मांडला, तर उपयोग काय?

म्हणून माझ्या वार्ताहर मित्रांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. बातमीतल्या यादीतून ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ दोन्ही काढा. नुसतं नाव आणि आडनाव लिहा. पुरुषांच्या यादीत कुणाची बायको आहे आणि कुणाची गेली, हे आपण छापत नाही. मग बायकांच्याच यादीत का छापावं? आणि संक्रांतीच्या कार्यक्रमाची बातमी लिहायला गेलात तर सोप्यातून एकदा माजघरात डोकावा. आत कोण बसलंय ते बघा. त्यांना बाहेर बोलवा, आधी वाण द्या, मग फोटो काढा.

हेरवाडचा ठराव झाला तेव्हा काकीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती बातमी वाचल्यावर मी जुन्या कात्रणांची फाईल काढली. आमच्या वाड्यातल्या त्या हळदी-कुंकवाची बातमी सापडली. अकरा नावं आणि शेवटी ‘आदी’. कागद पिवळा पडला आहे. समासात मोकळी जागा होती, तिथं मी पेनानं काकीचं नाव लिहिलं. छापलेल्या अकरा नावांमागं ‘सौ.’ आहे. बारावं नाव नुसतंच आहे, आणि ते तसंच ठेवलं आहे.