निद्रानाश : गोळीआधी कारण
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

‘झोपेची एखादी गोळी लिहून द्या’ ही विनंती बाह्यरुग्ण विभागात आम्हांस नित्य ऐकू येते. तिच्यामागील त्रास खरा असतो. परंतु निद्रानाश हा बहुधा दुसऱ्या एखाद्या दुखण्याचा निरोप असतो. निरोप दडपला तरी दुखणे तसेच राहते. म्हणून गोळीआधी कारण शोधावे, एवढेच आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

चिंतेच्या काळात चार रात्री झोप न येणे हा आजार नव्हे. आठवड्यातून किमान ३ रात्री, असे ३ महिने झोप लागत नसेल, मध्येच मोडत असेल वा भल्या पहाटे जाग येत असेल आणि दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होत असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश होय.

चिंता व नैराश्य ही त्याची ठळक कारणे. याखेरीज संधिवाताच्या वेदना, दमा, हृदयविकारात आडवे होताच लागणारी धाप, मधुमेह वा प्रोस्टेटमुळे रात्री वारंवार लघवीला उठणे, थायरॉइडचा अतिस्राव, ही कारणे तपासावी लागतात. लोहाच्या कमतरतेने पायांत होणारी तळमळही झोप उडविते. स्टेरॉइड किंवा सायंकाळी घेतलेली लघवीची गोळी हेही कारण असू शकते. कॅफिनचा निम्मा अंश सुमारे ५ तासांनंतरही शरीरात उरतो, हे संध्याकाळच्या चहाच्या वेळी ध्यानात ठेवावे. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

स्त्रिया, विशेषतः रजोनिवृत्तीच्या काळात, तसेच वृद्ध आणि रात्रपाळीचे कामगार यांना हा धोका अधिक. आणखी एक वर्ग मात्र आपल्या नजरेतून निसटतो. तो म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसणारे आपण आप्तेष्ट. रुग्ण घरी परतल्यावरही जरा खोकल्याचा आवाज होताच आपण दचकून उठता. पण आपल्या नावाचा केसपेपर कधी निघत नाही. जागरणाची पाळी घरात वाटून घ्यावी आणि रुग्णासोबत याल तेव्हा स्वतःच्या झोपेविषयीही अवश्य सांगावे, अशी आमची विनंती आहे.

झोपेच्या गोळ्यांमुळे वृद्धांचा तोल जाऊन हाड मोडण्याचा धोका वाढतो. मात्र नियमित चालू असलेली गोळी डॉक्टरांस न विचारता एकाएकी बंद करू नये. दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम उपचार म्हणून झोपेविषयीचे विचार व सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धती वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली केली आहे.

कारण शोधण्यास यंत्रांपेक्षा रुग्णाजवळ बसून ऐकण्याचा वेळ अधिक लागतो. देणगीदारहो, आपल्या औदार्यामुळेच तो वेळ आम्हांस देता येतो.